गिरणीतली धूळ : झामफारातल्या मुलांचं प्रकरण

२०१० सालच्या मार्च महिन्यात नायजेरियाच्या वायव्येकडल्या झामफारा राज्यातून एकसारख्याच बातम्या येऊ लागल्या. अंका आणि बुक्कुयुम या भागांतल्या काही खेड्यांत लहान मुलं मरत होती. आधी उलट्या आणि पोटदुखी, मग मूल सुस्त पडायचं, मग झटके. झटके सुरू झाल्यावर आईच्या हातात फार वेळ उरत नसे. दारेता आणि यारगालमा ही त्यांतली दोन गावं. मातीच्या भिंतींची घरं, ज्वारी-बाजरीची शेती, दारात शेळ्या. माणदेशातल्या माणसाला परकं वाटू नये असा मुलूख.

त्या भागात मुलाला झटके आले की डॉक्टरच्या मनात आधी दोनच नावं येतात: मेंदूत गेलेला मलेरिया आणि मेंदूज्वर. त्यात चूक काही नाही, दोन्ही आजार तिथे खरोखर मुलं मारतात. गावकरीही मलेरियाच सांगत होते. मेदसां सां फ्रोंतिएर, म्हणजे एमएसएफ, या वैद्यकीय संस्थेची माणसं तिथे आधीपासून साथीच्या रोगांवर काम करत होती. मलेरियाची औषधं देऊनही मुलं हाती लागेनात, तेव्हा हे काहीतरी वेगळं आहे हे त्यांच्या लक्षात आलं. मरणारी मुलं जवळजवळ सगळी पाच वर्षांखालची होती आणि ठरावीक गावांतलीच होती. गावातली बदकंही जवळपास नाहीशी झाली होती. मुलांच्या रक्ताचे नमुने जर्मनीतल्या प्रयोगशाळेत गेले आणि उत्तर आलं: शिसं.

आकडे समजण्यासाठी एक मोजपट्टी लागेल. रक्तातलं शिसं एका डेसिलिटरमागे किती मायक्रोग्रॅम असं मोजतात. त्या काळी मुलांसाठी १० हा धोक्याचा इशारा मानला जाई. (खरं तर मुलांच्या मेंदूला निर्धोक अशी शिशाची पातळीच नाही, हे आता सर्वमान्य आहे.) ४५ च्या पुढे औषध देऊन शिसं बाहेर काढावं लागतं. ७० च्या पुढे मेंदूला सूज येऊ शकते, म्हणून ती तातडीची अवस्था. गावोगाव नेता येईल असं रक्त तपासायचं छोटं यंत्र ६५ पर्यंतच आकडा दाखवतं, त्यावर गेलं की पडद्यावर नुसतं ‘हाय’ उमटतं. झामफारात काही मुलांच्या रक्तात ७०० च्या आसपास शिसं निघालं.

त्याच वर्षी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या पथकाने नायजेरियाच्या आरोग्य यंत्रणेबरोबर दारेता आणि यारगालमात घरोघर पाहणी केली. ११९ घरं पाहिली. त्या घरांत पाच वर्षांखालची ४६३ मुलं होती, त्यांपैकी ११८ मागच्या बारा महिन्यांत गेली होती. चारात एक. जिवंत असलेल्यांपैकी २०४ मुलांचं रक्त तपासलं. विषबाधा न झालेलं एकही मूल सापडलं नाही, आणि १९८ मुलं ४५ च्या वर होती. आसपासची गावं धरून मेलेल्या मुलांची संख्या ४०० च्या पुढे गेली, असं पुढे मानलं गेलं.

शिसं घरात कसं आलं

सोनं तिथे नवीन नव्हतं. पण जगातला सोन्याचा भाव चढत चालला होता. २००१ साली औंसाला २७० डॉलरच्या आसपास असलेलं सोनं २०१० च्या मध्याला १,२०० डॉलरच्या वर होतं. शेतीत दिवसभर राबून जे मिळे त्याच्या कितीतरी पट पैसा दगड फोडून मिळू लागला, तेव्हा माणसं दगडाकडे वळली. यात लोभ कुठे आहे? सावकाराचं देणं, मुलीचं लग्न, पत्र्याचं छप्पर, एखादी मोटरसायकल एवढ्यापुरता तो पैसा होता.

यावेळी हाती लागलेल्या खडकातल्या शिरांमध्ये सोन्याबरोबर शिसंही भरपूर होतं. सोनं दगडात बारीक कणांनी विखुरलेलं असतं, म्हणून ते मोकळं करायला दगडाचं पीठ करावं लागतं. आधी हातोडीने फोडायचा, मग वाळवायचा, उखळात कुटायचा आणि शेवटी गिरणीत दळायचा. ही गिरणी म्हणजे धान्य दळायला असते तशीच, डिझेलवर चालणारी. मग ते पीठ पाण्यात धुऊन जड भाग वेगळा करायचा, त्यात पारा मिसळून सोनं पकडायचं आणि पारा आगीवर उडवून द्यायचा. पाराही विषारीच, पण या प्रकरणात मुलं मारली ती शिशाने.

आपल्याकडची गिरणी आठवून पाहा. संध्याकाळी दळण आणायला गेलं की गिरणीवाल्याच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असतात, भिंतीवरच्या तसबिरीवर पिठाचा थर असतो, पट्ट्याच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही आणि घरी परतल्यावर आपल्याही केसांत पीठ निघतं. आता त्या पिठाच्या जागी शिशाचा दगड ठेवा. झामफारात अशी धूळ रोज उडत होती, आणि गावाबाहेरच्या कारखान्यात नव्हे, घराच्या अंगणात. पाहणीतल्या दोन तृतीयांश घरांत दगडावरचं काम घराच्या आवारातच चालत होतं.

यामागे तिथल्या जगण्याची रीत होती. हौसा समाजात विवाहित बायकांनी आवाराबाहेर फारसं जायचं नाही अशी पद्धत बऱ्याच घरांत पाळतात. त्यामुळे पुरुषांनी खाणीतून दगड आणायचे आणि फोडणं, वाळवणं, कुटणं ही कामं बायकांनी आवारात करायची, अशी वाटणी झाली. बाळ पाठीशी कापडात बांधलेलं, मोठं मूल शेजारी मातीत खेळतंय, बाजूला चूल पेटलेली. पाहणीत मुलाच्या मृत्यूशी जोडलेल्या ज्या गोष्टी ठळकपणे पुढे आल्या, त्यांत अंगणातल्या मातीतलं शिसं होतं, पिण्याला सार्वजनिक विहिरीचं पाणी होतं आणि आईने दगडावर काम करणं होतं. हे शेवटचं मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा थांबतो. त्या आईने घर चालवायला हातभार लावला होता, दुसरं काहीही नाही.

काही अंगणांतल्या मातीत शिशाचं प्रमाण १,००,००० पीपीएमच्या (दहा लाख भागांत किती भाग, त्या मापाने) पुढे होतं. म्हणजे दहा किलो मातीत एक किलो शिसं. मुलं खेळतात अशा मोकळ्या मातीसाठी अमेरिकेत तेव्हा ४०० पीपीएम ही मर्यादा होती.

त्यातही शिशाचा प्रकार वाईट निघाला. शिशाचं नेहमीचं खनिज म्हणजे गॅलिना, गंधक आणि शिशाचं संयुग. ते पोटात फारसं विरघळत नाही. झामफारातल्या दगडात हवा-पाण्याने झिजून त्याचं बरंचसं कार्बोनेट झालं होतं, आणि कार्बोनेट जठरातल्या आम्लात सहज विरघळतं. शिवाय गिरणीने ते इतकं बारीक केलं होतं की बोटाला चिकटून सरळ तोंडात जावं.

मुलंच का

दगड दळणारे पुरुषही ती धूळ श्वासातून घेत होते, आणि त्यांच्याही रक्तात शिसं होतं. पण मोठा माणूस गिळलेल्या शिशापैकी साधारण दहावा भाग शोषतो, लहान मूल जवळजवळ निम्मा. पोट रिकामं असेल, अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल, तर आणखी जास्त. आपल्याकडे मूल माती खायला लागलं की आजी लगेच म्हणते, ‘रक्त कमी असणार याचं.’ आजीचं निदान बरोबर असतं. पण रक्त कमी असलेलं हेच मूल शिशाच्या मातीत बसलं तर दुहेरी मार खातं: माती जास्त खातं आणि त्या मातीतलं शिसं जास्त शोषतं.

शरीर शिशाला कॅल्शियम समजून चुकतं. म्हणून ते मज्जातंतूंच्या कामात घुसतं, मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या गळक्या करतं, मेंदूला सूज आणतं आणि झटके त्यातून येतात. उरलेलं हाडांत जाऊन बसतं. रक्तातलं शिसं महिन्याभरात निम्म्यावर येतं, हाडांतलं वर्षानुवर्षं, दशकानुदशकं राहतं. जी मुलं झटक्यांतून वाचली, त्यांतल्या काहींची दृष्टी गेली, काहींचं बोलणं आणि चालणं मागे पडलं.

आधी फावडं, मग औषध

रक्तातलं शिसं पकडून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध आहे. त्याला डीएमएसए किंवा सक्सिमर म्हणतात. तोंडाने देता येतं, हा त्याचा मोठा गुण. कॅप्सूल उघडली की सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि लहानग्याला ती गिळता येत नाही म्हणून खाण्यात कालवून भरवावी लागते, दिवसातून अनेकदा, आठवडेच्या आठवडे. एमएसएफने जून २०१० ते जून २०११ या वर्षभरात १,१५६ मुलांना मिळून अशा ३,१८० फेऱ्या दिल्या. शिशाच्या विषबाधेवर इतक्या मोठ्या प्रमाणात उपचार याआधी कुठे झाले नव्हते. पूर्वी गावागावांत मूल मरत होतं, उपचार सुरू झाल्यावर मृत्यू झपाट्याने खाली आले.

पण औषधाच्या आधी एक पेच सोडवावा लागला. मूल दवाखान्यात बरं करून त्याच अंगणात परत सोडलं तर? ते पुन्हा त्याच मातीत बसणार, तीच माती तोंडात घालणार आणि रक्तातला आकडा पुन्हा वर जाणार. म्हणून एमएसएफने ठरवलं की ज्या गावाची माती साफ झाली आहे, तिथल्याच मुलांना घरी ठेवून उपचार द्यायचे. एखाद्या डॉक्टरने औषध हातात असताना ‘आधी अंगण साफ करा’ म्हणणं किती कठीण असेल, याचा विचार करून पाहावा. तरी तेच बरोबर होतं.

माती साफ करणं वाटतं तितकं अवघड तंत्र नाही, फक्त चिकाटीने करावं लागतं. हातात धरायच्या क्ष-किरण यंत्राने जागोजागची माती मोजायची. जिथे शिसं १,००० पीपीएमच्या वर तिथला वरचा काही इंचांचा थर खरवडून काढायचा, पोत्यांत भरून गावाबाहेर खणलेल्या खड्ड्यात पुरायचा आणि त्या जागी लांबून आणलेली स्वच्छ माती पसरून दाबायची. ४०० ते १,००० च्या मधल्या जागा स्वच्छ मातीने झाकायच्या. हे काम ब्लॅकस्मिथ इन्स्टिट्यूट आणि टेराग्राफिक्स या अमेरिकी मंडळींनी शिकवलं, पण फावडी आणि पाट्या गावातल्याच माणसांच्या हातात होत्या. अंकाच्या अमीरांनी, म्हणजे तिथल्या परंपरागत राजांनी, पाठिंबा दिला, म्हणून परक्या माणसांना घरांच्या आवारात पाऊल ठेवता आलं. दारेता आणि यारगालमा २०१० च्या जून-जुलैत पावसाच्या तोंडावर साफ झाली. आणखी पाच गावं मार्च २०११ पर्यंत झाली.

राहिलं ते बगेगा. या सगळ्यांत मोठं गाव, आणि दगड दळण्याचं कामही तिथे सर्वांत मोठं. तिथली माती साफ करायला लागणारा पैसा सरकारकडून यायचा होता. मे २०१२ मध्ये राजधानी अबुजात या प्रश्नावर परिषद झाली, आश्वासनं मिळाली, ८५ कोटी नायरांचा (नायरा हे नायजेरियाचं चलन) निधी ठरला, आणि तो हातात यायला जानेवारी २०१३ उजाडलं. विष सापडल्याला तोवर पावणेतीन वर्षं झाली होती. बगेगातली शेकडो मुलं हा सारा काळ त्याच अंगणांत वाढत होती. औषध होतं, डॉक्टर शेजारच्या गावात होते, आणि तरी उपचार सुरू करता येत नव्हते, कारण माती तशीच होती. अखेर २०१३ च्या पहिल्या सहामाहीत गाव साफ झालं आणि मग मुलांना औषध मिळालं. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला लागलेला एकेक महिना तिथे मुलांच्या रक्तात मोजला जात होता. शिशाच्या रोगशास्त्रापेक्षा बगेगाच्या तारखा मला जास्त महत्त्वाच्या वाटतात.

बंदी घालून काय होतं

गावकऱ्यांनी सुरुवातीला मृत्यू लपवले होते. कारण सरळ होतं: खाणकामाचं नाव निघालं की सरकार ते बंद करणार, आणि मग खायचं काय? तशी बंदी आलीही. दगड मात्र थांबला नाही, तो रात्री फुटू लागला आणि घराच्या आणखी आतल्या बाजूला गेला. आत गेला म्हणजे मुलांच्या आणखी जवळ गेला. बंदी घालणाऱ्याच्या मनात मुलांचं भलंच असेल, पण हे त्याने डोळे उघडून पाहायला हवं होतं.

उपयोगी पडलं ते वेगळंच. दळण्याची जागा वस्तीपासून दूर नेणं, तिथे मुलांना येऊ न देणं, काम झाल्यावर अंघोळ करून आणि कपडे बदलूनच घरी जाणं, कोरडं न दळता पाण्याच्या फवाऱ्याखाली दळणं. शेवटची गोष्ट आपल्या घरातल्या कुणालाही पटेल. केर काढण्याआधी अंगणात सडा का घालतात? धूळ बसावी म्हणून. माणूस धूळ कायमची बंद करू शकत नसेल तर ती ओली तरी करू शकतो.

दुखणं एका राज्यापुरतं नाही, हे २०१५ मध्ये पुन्हा दिसलं. झामफाराबाहेर, नायजेरियातल्याच नायजर राज्यातल्या शिकिरा भागात ६५ जणांना विषबाधा झाल्याचं उघड झालं. त्यांतली २८ मुलं गेली, सगळी पाच वर्षांखालची. तिथेही सोनं, तिथेही घरातलं दळण. पुढे ओल्या दळणाचा प्रयोग याच शिकिरात झाला आणि हवेतल्या शिशाचं प्रमाण खूपच खाली आलं.

हे प्रकरण वाचताना मला आपल्याकडचा कायदा आठवत राहतो. कारखाने अधिनियम, १९४८, जो २०२५ पर्यंत लागू होता. त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांत, शिशाची विषबाधा पहिल्या क्रमांकावर होती. म्हणजे शिशाचं दुखणं आपल्याला अजिबात नवं नाही, पंचाहत्तर वर्षांपासून ते कागदावर आहे. पण तो कायदा कारखान्याचा. सोनारपेठेतला केर घरी आणून गाळणारा झारेकरी, परसात जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणारा भंगारवाला, त्यांच्या भट्टीशेजारी रांगणारं मूल हे कुठल्या कारखान्याच्या हजेरीपटावर आहेत? बॅटरीच्या कचऱ्याचे नियम २००१ मध्ये आले आणि २०२२ मध्ये नव्याने आले. त्यांत नोंदणी आहे, परवाने आहेत. परसातली भट्टी या चौकटीत येतच नाही, आणि झामफाराचं अंगणही कुठल्याच चौकटीत नव्हतं. दवाखान्यात रक्त कमी असलेलं, पोट दुखणारं, शाळेत मागे पडणारं मूल आलं की आपण जंताचं औषध आणि लोहाच्या गोळ्या देतो. ते द्यावंच. पण त्याच्या आईला ‘घरात काय काम चालतं?’ हे विचारायला अर्धा मिनिट लागतो, आणि आम्हा डॉक्टरांतले फार थोडे ते विचारतात.

झामफारात पुढच्या वर्षांत सशस्त्र टोळ्यांचा हैदोस वाढला, गावंच्या गावं उठली, रस्ते असुरक्षित झाले. अशातही एमएसएफचं काम बारा वर्षं चाललं आणि २०२२ मध्ये ते आवरतं घेतलं गेलं.

२०१० मध्ये दारेताच्या अंगणात रांगणाऱ्या, वाचलेल्या मुली आता सोळा-सतरा वर्षांच्या झाल्या आहेत. त्या भागात या वयात लग्नं होतात. गरोदरपणात बाळासाठी आईच्या हाडांतलं कॅल्शियम काढलं जातं, आणि त्याच्याबरोबर हाडांत साठलेलं शिसंही रक्तात उतरतं. तिथून ते नाळेतून बाळाकडे जातं.